सेन्सरला फक्त 'नाही' म्हणायचा हक्क द्या

नागपूर महापालिकेनं काही वर्षांआधी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली होती, आठवत असेल बऱ्याच जणांना. कामगार आपल्या बीटवर आहे का टपरीवर चहा पितोय हे ऑफिसात बसून दिसावं आणि त्यावरून हजेरी लागावी म्हणून. त्यावर बातम्या झाल्या, बाहेरच्या देशातल्या पत्रकारांनी पण लिहिलं, कामगारांनी विरोध केला, सगळं झालं. मला त्यातली एकच गोष्ट अजून खुपते. माणूस कुठे उभा आहे हे सांगणारं यंत्र त्याच्या हाताला बांधायला आपल्याकडे पैसा होता, टेक्नॉलॉजी होती, टेंडर होतं, पण तोच माणूस ज्या चेंबरचं झाकण उघडतोय त्याच्या खाली काय साचलंय हे त्याला सांगणारं काही आहे का? तर नाही. तिथे अजून झुरळांवर काम चालू आहे.

झुरळांवर म्हणजे खरंच झुरळांवर. सेप्टिक टँक उपसणाऱ्या गाडीवरच्या कोणालाही विचारा. आमच्याकडे आलेल्या एका ड्रायव्हरनं सांगितलं ते असं, "भाऊ, झाकण उघडलं की झुरळं भरभर बाहेर निघाले तर समजायचं हवा आहे, नाही निघाले तर थोडं थांबायचं." थोडं म्हणजे किती, तर बिडी संपेपर्यंत! आणि ही बिडी त्याच झाकणाशेजारी, जिथून मिथेन वर येतो, जो हवेत ५ ते १५ टक्के असला की ठिणगीची वाटच बघत असतो. मी त्याला हसलो नाही, कारण त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच.

आता मुद्द्याकडे येतो. नॅनोमटेरियल (म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे पदार्थ) लावलेले अँटेना, बिनाबॅटरीचे वायरलेस टॅग, त्यावरून विषारी गॅस ओळखायचा, याच्या बातम्या हल्ली सारख्या येतात. प्रत्येक बातमीत शेवटी तेच असतं, की याचा उपयोग उद्योग, खाणी, स्मार्ट सिटी, हॉस्पिटल सगळीकडे होईल. सगळीकडे होईल म्हटलं की कुठेच होत नाही हा आपला अनुभव. म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांनी इथूनच सुरू करावं. हे तंत्रज्ञान नागपुरात सगळ्यात आधी गडरलाइनच्या चेंबरला आणि सोसायट्यांच्या सेप्टिक टँकला लागलं पाहिजे, आणि लावताना नियम असा पाहिजे की टॅग 'नाही' (म्हणजे आत गॅस आहे, उतरू नका) म्हणाला तर ते सगळ्यांवर बंधनकारक, पण टॅग 'ठीक आहे' म्हणाला तर त्याला काडीची किंमत नाही. त्या 'ठीक आहे'च्या जोरावर कोणाला खाली उतरवता येणार नाही.

हा नियम असा एकतर्फी का, ते कळायला आधी ही वस्तू काय आहे ते बघावं लागेल.

फास्टॅग सगळ्यांच्या गाडीवर आहे. त्या पट्टीत बॅटरी नसते. टोलवरचा रीडर रेडिओ लहर सोडतो, पट्टीतला अँटेना त्या लहरीतूनच चिपपुरती वीज ओढून घेतो आणि आपला नंबर त्याच लहरीवर परत पाठवतो, भारतात हे काम ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. आता समजा या अँटेनाच्या धातूवर किंवा त्याला लागून कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या), ग्राफीन (कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा) नाहीतर कॉपर ऑक्साइडच्या नॅनो कणांचा एक पातळ थर दिला. गॅसचे रेणू त्या थराला येऊन चिकटले की थरातली विजेची वाहकता बदलते, ती बदलली की अँटेना ज्या फ्रिक्वेन्सीवर नीट बोलतो ती जरा सरकते, आणि रीडरला टॅगचं उत्तर कमी जोरात, जास्त जोरात किंवा जरा वेगळ्या ठिकाणी ऐकू येतं. बस, एवढंच आहे ते. टॅगला स्वतःला काही मोजता येत नाही, त्याचा आवाज बदलतो आणि आपण त्या बदललेल्या आवाजावरून ओळखायचं.

नॅनो कशाला, तर पृष्ठभागासाठी. एका भिंतीच्या कार्बन नॅनोट्यूबमध्ये जवळपास प्रत्येक अणू पृष्ठभागावरच असतो, आत लपलेलं काही नाही, म्हणून थोडेसे रेणू चिकटले तरी फरक दिसतो. १९९१ मध्ये जपानच्या सुमिओ इजिमांनी या नळ्यांचं वर्णन केलं आणि २००० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की नायट्रोजन डायऑक्साइड लागला की नळीची वाहकता वाढते, अमोनिया लागला की कमी होते, आणि हे सगळं साध्या खोलीच्या तापमानाला. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या गटानं एनएफसी टॅगमध्ये (फोन जवळ धरला की वाचला जातो तो टॅग) नॅनोट्यूबचा तुकडा बसवून साध्या स्मार्टफोननं अमोनिया ओळखून दाखवला.

खोलीच्या तापमानाला, हे जे म्हटलं ना, तिथेच खरी मेख आहे. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रोजेक्ट प्रदर्शनात गेलात तर दर तिसऱ्या टेबलवर आर्डुइनो (शिकाऊंचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) आणि एमक्यू-२ नावाचा गॅस सेन्सर दिसेल, पोरं त्याच्यासमोर लायटर धरतात, बझर वाजतो, सर मान डोलावतात, मार्क मिळतात. तो सेन्सर वाईट नाही, त्याचं घराणं जपानच्या नाओयोशी तागुचींच्या १९६० च्या दशकातल्या टिन ऑक्साइड सेन्सरपर्यंत जातं आणि घरगुती गॅस गळतीच्या अलार्मनी लाखो घरं वाचवली असतील. पण त्याला आत हीटर लागतो, थर दोनशे-चारशे डिग्रीला तापवावा लागतो, पाऊण वॅटच्या वर वीज सतत खातो. नाणं सेलवर लावला तर तासाभरात सेल खलास. असला सेन्सर चेंबरमध्ये कोण लावणार, तिथे वायर कोण ओढणार, सेल कोण बदलणार? उलट बिनाबॅटरीचा टॅग तिथे वर्षभर गप लटकून राहू शकतो, कोणी येऊन विचारलं तरच बोलणार. जिथे वीज नाही, रोज माणूस नाही आणि धोका मात्र आहे अशीच जागा या तंत्राला शोभते, आणि शहरात अशी जागा म्हणजे जमिनीखालचं गटार.

मग लोक म्हणतात बुटीबोरी, हिंगण्याच्या कारखान्यांचं काय, पाणी शुद्धीकरणाच्या प्लांटमधल्या क्लोरीनचं काय, कळमन्याकडच्या कोल्ड स्टोरेजच्या अमोनियाचं काय. त्यांचं असं आहे की तिथे मालक आहे, लाइट आहे, भिंत आहे, वायर आहे. तिथे आज बाजारात मिळणारा साधा इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर उद्या लावता येतो, नॅनोची वाट बघायची काहीच गरज नाही. तिथे जर कोणी म्हणत असेल की 'आम्ही नव्या तंत्रज्ञानाचा विचार करतोय' तर ती सरळ पळवाट आहे. भोपाळला १९८४ मध्ये मिथाइल आयसोसायनेट सुटला तेव्हा रेफ्रिजरेशन बंद होतं, सुटलेला गॅस जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर जोडलेला नव्हता, आणि गळती झालीय हे कामगारांना डोळे चुरचुरण्यावरून कळायचं. विशाखापट्टणमला मे २०२० मध्ये स्टायरीन गळलं तेव्हा कारखान्यात भोंगा होता पण वाजवला गेला नाही. या दोन्ही जागी ग्राफीन असतं तर काय उजेड पडला असता? तिथला आजार वेगळा, त्यावरचं औषध वेगळं.

गटारातला मुख्य गुन्हेगार हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याचा वास म्हणून शाळेत शिकवतात तोच. हा गॅस असा लबाड आहे की हवेच्या दहा लाख भागांत शंभराच्या आसपास भाग झाला की नाकाची वास घ्यायची ताकदच मारून टाकतो. म्हणजे वास येत होता, आता येत नाही, चला हवा सुटली असं वाटतं, आणि तेव्हाच तो जास्त झालेला असतो. पाच-सातशेला माणूस काही मिनिटात कोसळतो, हजाराच्या वर एक-दोन श्वासात. मग वरून दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. तुम्ही पेपरात वाचत असाल, टँकमध्ये एकाच वेळी तिघे, चौघे गेले, त्याचं कारण हे, पहिल्याला वाचवायला गेलेले असतात सगळे. आणि हा फक्त आत उतरणाऱ्यांचा प्रश्न आहे असंही समजू नका. एप्रिल २०२३ मध्ये लुधियानाच्या गियासपुरा भागात ११ लोक गेले, आपापल्या घरात-दुकानात होते ते, संशय गटारातून आलेल्या हायड्रोजन सल्फाइडवरच.

आपल्याकडे नाग नदी आणि पिली नदीच्या काठच्या वस्त्यांत ज्यांची घरं आहेत त्यांना विचारा पैंजण आणि चांदीची भांडी किती लवकर काळी पडतात. चांदीवर हा गॅस सल्फाइडचा थर चढवतो, म्हणजे त्या घरातल्या देवघरात आधीपासून एक गॅस सेन्सर ठेवलेलाच आहे, वाचणारं कोणी नाही. कॉपर ऑक्साइडचं पण तेच गणित, हायड्रोजन सल्फाइड लागला की त्याचं कॉपर सल्फाइड व्हायला लागतं आणि जो थर वीज नीट नेत नव्हता तो धातूसारखा न्यायला लागतो. बदल मोठा असतो आणि बऱ्यापैकी याच गॅससाठी असतो, म्हणून या कामाला तो बाकीच्यांपेक्षा मला जास्त बरा वाटतो. एकदा बदलला की गरम केल्याशिवाय लवकर मूळपदावर येत नाही ही त्याची खोट सांगतात. प्रयोगशाळेत ती खोट असेल, चेंबरच्या झाकणाखाली नाही, कारण गेल्या आठवड्यात इथे गॅस भरला होता हे पण मला कळायलाच हवंय ना!

आता तो एकतर्फी नियम.

टॅग झाकणाखाली लटकवला आणि तो म्हणाला गॅस नाही. पण हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तो तळाशी बसलेला असू शकतो. बरं टॅग दोरीनं खाली सोडला तरी पुढची गोष्ट अशी की गॅसचा मोठा साठा गाळात अडकलेला असतो, वरचं पाणी शांत असताना बाहेर येत नाही, फावडं किंवा बांबू घातला, गाळ ढवळला की एकदम उसळतो. म्हणजे उतरायच्या आधी घेतलेलं रीडिंग खरं असूनही दोन मिनिटांनी खोटं ठरतं. त्यात तिसरी भानगड, हायड्रोजन सल्फाइड शून्य असला तरी ऑक्सिजन कमी असू शकतो. साध्या हवेत तो २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की आत जायचं नाही असा जगभरचा दंडक, आणि आपला हा टॅग ऑक्सिजनबद्दल काहीच बोलत नाही. यात थर जुना होणं, ओल धरणं हे सगळं मिळवा. अशा वस्तूला 'सुरक्षित आहे' म्हणायचा अधिकार दिला तर ती माणसं मारेल, आणि मारल्यावर कंत्राटदार कोर्टात तोच आकडा दाखवेल की बघा साहेब, रीडिंग तर हिरवं होतं.

'नाही' म्हणताना मात्र हीच वस्तू भरवशाची आहे. टॅग म्हणाला गॅस आहे, तर बहुतेक वेळा असतोच, आणि नसला तरी नुकसान काय, काम दोन तास थांबलं, मशीन बोलवावं लागलं. आणि टॅगनं उत्तरच दिलं नाही, तुटला, गाळात बुडाला, कोणी काढून नेला, तर ते पण 'नाही'च धरायचं. बिनाबॅटरीच्या टॅगचा हा मोठा गुण आहे की तो मेला की गप बसतो, खोटा हिरवा दिवा लावत नाही. नियम असा ठेवला की सेन्सर खराब करून कोणाचा फायदा होत नाही. हा मुद्दा कागदावर छोटा वाटतो पण ज्यांनी कंत्राटी कामं जवळून बघितलीत त्यांना कळेल मी काय म्हणतोय.

याला सगळ्यात जोरदार विरोध मला माहीत आहे तो सफाई कामगारांसाठी लढणाऱ्यांकडून येतो, आणि तो मला हलका वाटत नाही. ते म्हणतात हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे, माणसाला संरक्षणाच्या साधनांशिवाय गटारात उतरवणं गुन्हा आहे, पहिल्या वेळेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये मृत्यूमागे १० लाख आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख भरपाई ठरवून दिली, ही प्रथाच संपवायची आहे, आणि तुम्ही तिथे सेन्सर लावून तिला सभ्य करताय. आज सेन्सर दिला, उद्या म्हणाल सेन्सर आहे ना, मग उतर.

बरोबर आहे त्यांचं. म्हणूनच मी म्हणतोय 'हो'ला किंमत नको. टॅगच्या रीडिंगनं उतरायची परवानगी कधीच मिळत नसेल तर तो प्रथेला सभ्य कसा करेल? उलट झाकणावरच पुरावा तयार होतो की अमुक वेळेला इथे गॅस होता, हे वाचलं गेलं होतं आणि तरी माणूस आत होता. आज अशा केसमध्ये पहिलं वाक्य काय असतं, 'आम्ही त्याला सांगितलं नव्हतं, तो स्वतःहून उतरला.' त्या वाक्याला उत्तर देणारं काहीच नसतं. दुसरं, मशीननं काम केलं तरी झाकण माणूसच उघडतो, पाइप माणूसच सोडतो, तोंड भोकावर त्याचंच असतं. प्रथा उद्या सकाळी संपली तरी हा माणूस उरतोच.

दुसरा आक्षेप इंजिनिअर लोकांचा. चार गॅस मोजणारं हातातलं यंत्र मिळतं, ऑक्सिजन, ज्वलनशील गॅस, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड सगळं दाखवतं, २०१३ च्या नियमांत साधनांच्या यादीत ते आहेच, मग हे नॅनोचं कौतुक कशाला. खरं आहे, ते यंत्र टॅगपेक्षा शंभरपट भरवशाचं आहे आणि प्रत्येक गाडीवर ते असलंच पाहिजे. पण यादीत असून इतकी वर्षं झाली, ते आहे कुठे? असलं तर स्टोअरच्या कपाटात कुलपात, कारण महाग आहे, हरवलं तर पगारातून कापतील, आतले सेन्सर दोन-तीन वर्षांत संपतात, आणि कॅलिब्रेशनचा, म्हणजे यंत्राचा आकडा बरोबर आहे का ते ताडून बघायचा, गॅस सिलिंडर कोणी मागवत नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीनं रविवारी सकाळी फोन करून बोलावलेल्या प्रायव्हेट गाडीवर ते कधीच नसतं. यंत्र कोणीतरी सोबत आणावं लागतं, टॅग जागेवरच असतो, हा फरक आहे. दोन्ही हवेत, आणि टॅग 'नाही' म्हणाला नसेल तरी यंत्राशिवाय पुढचं पाऊल नको.

आता मला स्वतःला सतावणारी गोष्ट, खोटे अलार्म. रोज उठून 'नाही' म्हणणारा टॅग तिसऱ्या दिवशी कोणी ऐकणार नाही, तेही बरोबरच आहे. नॅनोचे थर ओलाव्याला फार हळवे असतात, आणि यूएचएफ (म्हणजे फास्टॅगच्या पट्ट्यातल्या) लहरी पाण्याला आणि लोखंडाला बघून बिचकतात, चेंबरमध्ये हे दोन्हीच आहे. लोखंडी झाकण असेल तर लहर आत जाणारच नाही, अँटेनाची वायर बाहेर काढावी लागेल किंवा फायबरचं झाकण लागेल. ओलाव्यावर एक साधी युक्ती आहे, दोन टॅग शेजारी शेजारी लावायचे, एकाचा थर उघडा, दुसऱ्याचा असा बंद की पाणी, अंतर, तापमान याचा परिणाम दोघांवर सारखा होईल पण गॅस फक्त पहिल्याला लागेल, आणि दोघांतला फरक वाचायचा. पूर्ण इलाज नाही, बंद थराला ओल तितकी लागत नाही, पण बरंच काम होतं.

पण युक्त्या पेपरात असतात आणि नागपूर रस्त्यावर असतं. इथे २३ मे २०१३ ला ४७.९ डिग्री नोंदलं गेलंय, आणि जुलैत तीच हवा पिळली तर पाणी निघेल अशी असते. युरोपातल्या लॅबमध्ये २५ डिग्रीला आणि कोरड्या नायट्रोजनमध्ये तपासलेला थर इथे मे आणि जुलै दोन्ही कसा काढेल हे कोणी सांगू शकत नाही, तपासावंच लागेल. आणि सेन्सर तपासला नाही की काय होतं ते आपण बघितलंय की, मे २०२४ च्या शेवटी आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ डिग्री दाखवलं, देशभर बातमी, व्हॉट्सअपवर धुमाकूळ, आणि मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडलाय. तो तर तापमानाचा सेन्सर होता, शेकडो वर्षं लोकांना मोजता येणारी गोष्ट, आणि आकडा चुकला तर कोणी मरणार नव्हतं.

म्हणून हा टॅग लावण्याआधी नागपूरला काय हवंय तर कॅलिब्रेशनचा सार्वजनिक ओटा. पेपर, पायलट आणि सामंजस्य करार आपल्याकडे पोत्यानं आहेत. एक बंद पेटी, तिच्यात तापमान २० ते ५० आणि ओलावा पाहिजे तसा करता येतो, ठराविक प्रमाणाचा गॅस सिलिंडरमधून सोडता येतो, आणि कोणीही, महापालिका असो, प्रायव्हेट गाडीवाला असो, कॉलेजची पोरं असोत, आपला सेन्सर ठरलेल्या फीमध्ये आणून तपासून घेऊ शकतो आणि निकाल सगळ्यांना दिसतो. या शहरात पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था नीरी १९५८ पासून आहे, इंजिनिअरिंगची व्हीएनआयटी आहे, वाडीला अॅल्युमिनियमवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, स्फोटकं आणि पेट्रोलियमच्या सुरक्षेचं देशाचं मुख्यालय म्हणजे पेसो इथेच, कोळसा खाणींचं वेकोलिचं मुख्यालय इथेच, ज्यांच्या भूमिगत खाणींत मिथेन मोजणं हे रोजचं काम आहे. देशात गॅस मोजणारी इतकी डोकी क्वचितच एका शहरात असतील. सगळ्यांची ऑफिसं एकमेकांपासून अर्ध्या तासाच्या आत, आणि एकमेकांना चहाला बोलवत नाहीत असं वाटतं कधी कधी. (रागावू नका, बोलवत असाल तर चांगलंच आहे.)

हे ओट्याचं काम रटाळ आहे मला माहीत आहे, यावर फित कापता येत नाही, पुरस्कार मिळत नाही. नवा थर बनवला की पेपर छापला जातो, जुना थर मे महिन्यात किती सरकला हे मोजलं तर छापायला कोणी तयार नसतं. संशोधन करणाऱ्या पोरांना दोष देऊन उपयोग नाही, त्यांची पीएचडी त्याच्यावरच अवलंबून आहे. पण ज्या सरकारी पैशानं हे संशोधन चालतं त्यानं निदान अशी अट घालावी की गॅस सेन्सरवरच्या प्रत्येक प्रकल्पात एक उन्हाळा आणि एक पावसाळा बाहेर काढलेला डेटा हवाच.

आणखी एक, नॅनोट्यूबचं स्वतःचं पण थोडं बघावं लागेल. एका प्रकारच्या बहुभिंती नॅनोट्यूबला जागतिक कर्करोग संशोधन संस्थेनं २०१४ मध्ये 'कदाचित कर्करोगकारक'च्या यादीत टाकलंय. टॅगवर मात्रा नगण्य असते आणि थराला चिकटलेली असते, तरी जुने टॅग नाल्यात फेकून द्यायचे नाहीत, परत गोळा करायचे, हे टेंडरमध्येच लिहा.

पैशाचं म्हणाल तर नाग नदी स्वच्छ करायचा सुमारे दोन हजार कोटींचा प्रकल्प मंजूर आहे. नव्या गडरलाइन टाकताना, नवे चेंबर बांधताना झाकणाखाली टॅगचा एक हुक आणि अँटेनाची जागा ठेवायला किती खर्च येणार, सिमेंटच्या गोणीच्या हिशोबात तो दिसणार पण नाही. नंतर रस्ता फोडून बसवायचं म्हटलं की मात्र दिसेल. शिवाय यात महापालिकेचा स्वतःचा स्वार्थ पण आहे, हाच गॅस पाइपाच्या छताला जिवाणूंच्या मदतीनं सल्फ्युरिक अॅसिड होऊन काँक्रीट खातो, कुठली लाइन आतून सडतेय हे टॅगच्या नोंदींवरून आधी कळू शकतं.

रीडिंग कोणाला दिसावं यावर मात्र माझा हट्ट आहे. कंट्रोल रूमच्या भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनला आधी आणि झाकण उघडणाऱ्याला नंतर, असं होऊ नये. रीडर गाडीवर असेल, त्यावर लाल दिवा आणि आवाज असेल, तो गाडीवरच्या सगळ्यात कमी पगाराच्या माणसाला पण कळेल, आकडे वाचता आले पाहिजेत अशी अट नको. सेप्टिक टँकसाठी एनएफसीचा टॅग चालेल, तो काही सेंटिमीटरवरूनच वाचला जातो, म्हणजे वाचणारा झाकणापर्यंत वाकणार, तर थराचा भाग आत आणि वाचायचा भाग हातभर लांब भिंतीवर घ्यावा लागेल. स्वस्त फोनमध्ये एनएफसी नसतं हे पण लक्षात ठेवा, कामगाराच्या फोनवर भरवसा ठेवून योजना आखू नका, रीडर मालकानं द्यायचा.

सुरुवात पावसाळ्याआधीच्या सफाईपासून करता येईल, त्या कामाची टेंडरं निघतात तेव्हा त्यात दोन ओळी घालायच्या. एक, प्रत्येक चेंबरचं झाकण उघडण्याआधीचं टॅग रीडिंग वेळेसकट जोडल्याशिवाय त्या चेंबरचं बिल निघणार नाही. दोन, रीडिंग 'नाही' असेल किंवा टॅग गप असेल तर त्या चेंबरचं काम फक्त मशीननं झालेलं धरलं जाईल, त्याचा दर जास्त असेल आणि तो कंत्राटदाराला मिळेल. ही दुसरी ओळ मुद्दाम घातलीय, कारण 'नाही'मुळे कंत्राटदाराचा तोटा होत असेल तर पहिल्या आठवड्यातच सगळ्या चेंबरमधून हिरवी रीडिंग यायला लागतील. आणि प्रायव्हेट सेप्टिक टँकवाल्या गाड्यांना महापालिकेनं नोंदणी देतानाच रीडर आणि चार गॅसचं यंत्र दोन्ही दाखवायला सांगावं, ओट्यावरची तपासणीची पावती जुनी असेल तर नोंदणी थांबवावी, आणि त्या गाडीला बोलावणाऱ्या सोसायटीनं पावती बघितली नसेल तर दंडाची नोटीस सेक्रेटरीच्या नावानं निघावी.